टिटवीची चाल

भाच्याचा फोन आला, "आत्या, आक्का गेली गं... कालपासनं टिटवी वरडत हुती घरावरनं." मी त्याला म्हटलं, मेल्या, वय झालं म्हणून गेली ती, टिटवीला कशाला बोल लावतोस? गावी पोचले तर दारात बायका हळहळत होत्या, "बिचारी, जन्मभर लंगडली." रडता रडता मला हसू फुटलं आणि ते लपवायला पदर तोंडात कोंबावा लागला. आता महिना उलटून गेलाय. ज्यांच्यापासून लपवायचं ती माणसं कधीच गेली, माझी थोरली बहीणही गेली. म्हणून सांगते.

बहात्तरचा दुष्काळ होता. आमचं गाव पारनेरकडचं. जनावरं छावणीला, गोठा रिकामा. आक्का सासरचा मार खाऊन माहेरी आलेली. दादांचं, म्हणजे आमच्या वडिलांचं, एकच म्हणणं, "न्यायला आले की गुमान जायचं." ती दारात उभी राहिली तरी आई म्हणायची, "आत हो, लोकं बघत्यात." आमच्या खंड्याला, कुत्र्याला, भाकरी टाकायला मागच्या दारी जायची, तेवढंच तिचं बाहेर पडणं.

घरामागे दुष्काळी कामावरची खडी रचलेली होती. तिच्यात टिटवीनं अंडी घातली. तीही खडीसारखीच, ठिपक्याठिपक्यांची, चटकन दिसायची नाहीत. टिटवी घरावर ओरडली की वाईट होतं, असं आई धरून बसलेली. तिनं खंड्याला छू केलं. तो नाक खाली घालून खडीकडे निघाला, तशी टिटवी त्याच्या पुढ्यात उतरली आणि एक पंख लोंबता सोडून लंगडत पळायला लागली. आयती शिकार बघून हा येडा तिच्या मागे! पार ओढ्यापर्यंत नेला त्याला, आणि तिथून ती खुशाल उडून गेली. खंड्या जीभ बाहेर काढून परत. रोज हेच. आक्का चौकटीत बसून बघायची आणि हसायची... सासरहून आल्यापासून ती तेवढंच हसली असेल. एकदा मात्र तो अंड्यांच्या फारच जवळ गेला, तेव्हा तिनंच त्याला गाईच्या दाव्यानं रिकाम्या गोठ्यात बांधलं. तो हिसके द्यायचा, आणि टिटवी दावं संपतं तिथून हातभर पलीकडे निवांत फिरायची. "बांधलेल्याची हद्द समद्यांना कळती," आक्का म्हणाली.

मग एक दिवस तिचा सासरा आणि दीर न्यायला आले. दादांनी तिला पिशवी भरायला सांगितली. चहा घेऊन आक्का बाहेर आली ती डावा पाय ओढत. बशीत कप वाजत होता. मी बघतच राहिले.

"पायाला काय झालं?" सासऱ्यानं विचारलं.

"खडीवर पडले. हाडवैद्य म्हनला, आता असाच ऱ्हानार."

सासरा दादांकडे वळला. "पाव्हणं, लंगडं जनावर दावणीला बांधून आमी काय करावं?"

चहा तसाच ठेवून ते निघून गेले. दादांनी सकाळीच तिला मागच्या दारी डोक्यावर हंडा घेऊन सरळ चालताना पाहिलं होतं. ते खाली मान घालून बसून राहिले, एक अक्षर बोलले नाहीत. का, ते मला आजही ठाऊक नाही. आक्का आत आली. मला म्हणाली, "अंडी वाचली गं."

पण सासरचं गाव आमच्याच बाजाराचं. सरळ चालली असती तर पुढच्या बाजारी तिकडे बातमी गेली असती. म्हणून उंबऱ्याबाहेर लंगडायचं. टिटवीची पिल्लं खडीतून चालत निघून गेली, खंड्याचं दावं सुटलं, आणि पुढच्या उन्हाळ्यात तो पुन्हा फसायला तयार! आक्काचं काही सुटलं नाही. नवऱ्यानं दुसरी केली, पुढे तोही वारला. तेव्हा मी म्हटलं, "आक्का, आता तरी नीट चाल की."

"आता कशी चालू? लोकं म्हनतील, दादांनी खोटारडी लेक पोसली."

मला तिचा राग यायचा, अजून येतो. अगं, टिटवीसुद्धा ओढ्यापाशी पोचली की लंगडणं टाकून उडायची... तुला ते का जमलं नाही?

परवा तिची खोली आवरायला गेले. दाराबाहेर तिच्या चपला तशाच होत्या. डावीची कड घासून घासून पार गेलेली. त्या उचलून बाजूला ठेवल्या. खाटेखाली तिच्या घरात घालायच्या सपाता सापडल्या. उलट्या करून पाहिल्या... दोन्ही अगदी सारख्या झिजलेल्या.