सुकरात मास्तरांचा नारळ

गणपतीचा सहावा दिवस. दंड, एक नारळ. बाजारात तेव्हा पस्तीस रुपयांना मिळत होता. हजर, बुधवारा मोहल्ल्यातल्या आमच्या मराठी मंडळाचे अकरा पदाधिकारी, मी धरून. दंडाच्या बाजूनं दहा हात वर गेले, विरोधात एकच, माझा. आणि ज्यांना दंड झाला ते सुकरात मास्तर समोरच्या खुर्चीत बसून, परीक्षेत पोरांची हजेरी घ्यावी तसे, ते हात मोजत होते.

सॉक्रेटिसला आमच्या बुऱ्हाणपुरात सुकरातच म्हणतात. मास्तर निवृत्त झाल्यापासून मंडळाच्या वाचनालयात रोज संध्याकाळी मुलांना फुकट शिकवायचे. विषय गणिताचा असो की इतिहासाचा, शेवटी त्या अनवाणी ग्रीक माणसावर यायचे. "त्याची आई सुईण होती. सुईण पोर घरून घेऊन येते का? असलेलं बाहेर काढते. मास्तरानं तेवढंच करावं." त्यामुळे सरळ उत्तर म्हणून त्यांनी जन्मात कुणाला दिलं नाही. शाळेत मी त्यांच्याकडे भागाकार शिकलो, तोही त्यांच्या प्रश्नांना उत्तरं देत देत. तेव्हाही मला राग यायचा.

त्या संध्याकाळी बक्षीस समारंभ होता. अध्यक्षांनी भाषणात सांगितलं की मुलांवर संस्कार हवेत. मास्तर खालून उभे राहिले.

"संस्कार म्हणजे काय, साहेब?"

"म्हणजे चांगलं वागणं, मास्तर. बसा ना."

"चांगलं कोणतं, हे कोण ठरवणार?"

"मोठी माणसं."

"आणि मोठ्यांचं चुकलं तर पोरांनी काय करावं?"

पोरं खदाखदा हसली. मागून कुणीतरी ओरडलं, "सुकरात, जहर का प्याला लाऊं क्या?" तेव्हा मास्तरही हसले. अध्यक्ष मात्र हसले नाहीत. "हा माणूस पोरांना बिघडवतोय," असं ते खाली उतरल्या उतरल्या म्हणाले. अडीच हजार वर्षांत माणसांना नवा आरोपसुद्धा सुचू नये!

मंडळाची जुनी पद्धत आहे. कार्यक्रमात कुणाचा फोन वाजला, किंवा बोलणाऱ्याला कुणी अडवलं, तर त्यानं गणपतीपुढे नारळ द्यायचा. न देणाऱ्यानं मंडळाची पायरी चढायची नाही. सगळे हसत देतात, खोबरं सगळेच खातात. फोन वाजला म्हणून मास्तरांनीही एकदा दिला होता. या वेळी ते नाही म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मीच नारळ विकत घेऊन त्यांच्या घरी गेलो. "सर, तुम्ही नुसता हातात धरा. बाकी मी बघतो."

"फोन वाजला ती चूक होती. विचारणं चूक होती का?"

"नव्हती."

"मग हा नारळ कशाचा?"

"पोरांच्या वर्गाचा!" मी ओरडलोच. "बरं, नका देऊ. मागच्या दारानं या. शिपाई उघडून देईल, कुणी बघणार नाही."

"हा नियम झाला तेव्हा मीही हात वर केला होता रे. आवडेल तेव्हाच पाळायचा का?" असं म्हणून त्यांनी वाचनालयाची चावी माझ्याच हातात ठेवली.

मला त्या दहा हातांचा राग आहेच. पण मास्तरांचाही आहे, आणि तो मी कमी करून सांगणार नाही. तुमचं तत्त्व राहिलं, सर; सतरा पोरांचा वर्ग बुडाला, त्यांचं काय? हे मी त्यांना तोंडावर म्हटलं. त्यांनी मान डोलावली. "प्रश्न बरोबर आहे," एवढंच म्हणाले. पुढे ते निंबोल्याला मुलीकडे राहायला गेले. तिथेच केळीच्या बागेशेजारच्या घरात वारले. शेवटपर्यंत मंडळातलं कुणी त्यांना भेटायला गेलं नाही.

यंदा मंडळानं त्याच वाचनालयाला त्यांचं नाव दिलं. अध्यक्ष तेच. त्यांनी उंबऱ्यावर नारळ फोडला आणि सुरू केलं, "मास्तर म्हणजे आपल्या मंडळाची शान..."

मी उभा राहिलो. "साहेब, शान होते तर त्यांना पायरी का बंद केली?"

"भाऊ, प्रोग्राम चालू आहे."

"मग प्रोग्राममध्येच सांगा."

कुणीतरी हसत म्हणालं, "नारळ लागेल हं, भाऊ!"

लागलाच. तेव्हापासून मी ती पायरी चढत नाही. संध्याकाळी माझ्या घराच्या ओट्यावर पाच पोरं अभ्यासाला बसतात, आणि काका सरळ उत्तर देत नाहीत म्हणून चिडतात. चिडू देत.

आता हिशोब. एक नारळ मंडळानं फोडला, मास्तरांच्या नावानं. तो दंड मंडळाचा होता आणि तो मास्तरांना पोचला, असं मी धरतो. दुसरा माझ्याकडून येणे आहे. तो मी देणार नाही.