थोरलीला दिलेलं कार्ड

माझी जाऊ जपानी आहे, शांत आहे, कधी कुणाला वाकडा शब्द बोलत नाही, आणि मला तिचा भयंकर हेवा वाटतो. जपानी नवऱ्याशी लग्न करून पुण्याहून कोबेला आले तेव्हापासून वाटतो. तिच्या घराचा नाही, स्वयंपाकाचा नाही. सासऱ्यांचा. त्यांची लाडकी सून कोण, हा आमच्यातला प्रश्न; म्हणजे माझ्या एकटीच्या डोक्यातला, कारण तिला असले प्रश्न पडतच नाहीत. त्याचाही मला राग येतो.

सासऱ्यांना, म्हणजे ओतोसानना, जुन्या बेसबॉल कार्डांचं वेड. जाड पुठ्ठ्यावर खेळाडूंची रंगीत चित्रं. युद्धानंतर पोरं ही कार्डं जमिनीवर आपटून एकमेकांची उलटवत, त्यामुळे धड राहिलेली फार थोडी. आणि दुर्मिळ म्हटलं की नक्कल आलीच. ओतोसान दर महिन्याला देवळाच्या आवारातल्या जुन्या बाजारात जायचे. घरात कुणालाच त्यात काडीचा रस नव्हता. मी गेले. सुरुवातीला सासऱ्यांना खूश करायला गेले, कबूल आहे; मग मलाच नाद लागला.

सगळं त्यांनीच शिकवलं. आधी कड बघायची. जुना पुठ्ठा आतपर्यंत पिवळा पडतो. चहाच्या पाण्यात बुडवून म्हातारा केलेला वरूनच तपकिरी, आत पांढराफटक. मग भिंगातून अक्षरं बघायची. जुन्या छपाईत अक्षराची रेघ सलग काळी असते, फोटो काढून केलेल्या नकलेत तीच रेघ बारीक ठिपक्यांची होते. विक्रेत्यासमोर ओतोसान गप्प उभे राहायचे आणि नुसतं माझ्याकडे बघायचे. मी नकारार्थी मान हलवली की कार्ड खाली. काय ऐट होती माझी! आणि जाऊबाई? आम्ही परत आलो की सफरचंदाच्या फोडी घेऊन यायच्या. "मजा आली का?" बस्स, एवढाच त्यांचा संबंध.

बैठकीच्या खोलीत एक कार्ड मात्र काचेच्या फ्रेममध्ये होतं. डावखुरा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, हात वर, मागे लाल आभाळ. ओतोसाननी तरुणपणी घेतलेलं, त्यांच्या संग्रहातलं पहिलं मोठं कार्ड. पाहुणा आला की आधी त्याच्यापुढे उभा केला जायचा. फ्रेम उघडायची नाही हा नियम, आणि मीही कधी हट्ट केला नाही. पण मनाशी धरून होते की हे एक दिवस माझ्याकडेच येणार. दुसऱ्या कुणाला त्यातलं काय कळत होतं?

गेल्या वर्षी त्यांनी घर सोडून स्टेशनजवळच्या छोट्या फ्लॅटमध्ये जायचं ठरवलं. आवराआवर करायला आम्ही सगळे जमलो. दोन सुनांना एकेक कार्ड द्यायचं त्यांच्या मनात होतं. त्यांनी फ्रेम भिंतीवरून उतरवली, काच पुसली आणि दोन्ही हातांनी जावेपुढे धरली. "हे थोरलीला." मला एका कॅचरचं, म्हणजे आपल्या यष्टिरक्षकासारख्या खेळाडूचं, कार्ड मिळालं. अस्सल, छान, कडा शाबूत. मी वाकून आभार मानले आणि आतल्या आत माझा नुसता तिळपापड झाला. अहो, हिला पिचर कोण आणि कॅचर कोण ते तरी सांगता येईल का! इतकी वर्षं उन्हातान्हात बाजार मी तुडवले आणि फ्रेम हिच्या घरात लागणार?

जाऊ स्वयंपाकघरात भांडी विसळत होती. "ओनेसान, तुमची फ्रेम मी बांधून देऊ?" मी म्हटलं. ओनेसान म्हणजे ताई. फार गोड आवाजात म्हटलं. मला ते कार्ड एकदा, एकदाच, हातात घ्यायचं होतं. मागच्या खिळी सरकवल्या, कार्ड बाहेर काढलं, पर्समधलं भिंग डोळ्याला लावलं.

अक्षरांत ठिपके होते. कड वरून तपकिरी, आत पांढरी.

खोटं! बाई गं, मनात अशा काही उकळ्या फुटल्या म्हणून सांगू! घ्या, मिरवा आता! मी अक्षरशः वळले सांगायला. "ओनेसान, हे कार्ड ना..."

तिने नळ बंद केला. शेजारच्या खोलीत ओतोसान खोक्यांना दोरी बांधत होते. तिने तिकडे एकदा पाहिलं आणि माझ्याजवळ आली.

"माहीत आहे मला," ती हळूच म्हणाली. "हळू बोल. तू नवीन नवीन त्यांच्याबरोबर जायला लागलीस ना, तेव्हा अस्सल कार्ड कसं असतं ते तुला दाखवायचं म्हणून त्यांनी ही फ्रेम उघडली होती. तुला बोलवायच्या आधी स्वतः एकदा भिंगातून बघितलं. आणि मग इथे, या खुर्चीवर येऊन बसले. रडले गं. खूप वेळ रडले. मला म्हणाले, तिला कळू देऊ नकोस."

"म्हणून तुम्हाला दिलं?"

"तुझ्या घरी गेलं असतं तर तू उघडून बघितलंच असतंस," ती म्हणाली. माझ्या हातातलं भिंग तिला दिसत होतं. तिने सुती टॉवेल आणून दिला, फ्रेमला गुंडाळायला.

मी कार्ड परत बसवलं, फ्रेम गुंडाळली, चिकटपट्टी लावली. दारात येऊन ओतोसाननी विचारलं, "नीट बांधलंस ना?" मी म्हटलं, "हो, अगदी नीट." त्यांनी माझ्याकडे जरा रोखून बघितलं. मी खोक्यावर जावेचं नाव लिहायला घेतलं.

परतताना ट्रेनमध्ये माझं तोंड फुगलेलं बघून नवरा म्हणाला, "तो पिचर तुलाच हवा होता, माहितीये मला. दादाला सांगून बघू का?" बिचारा खरंच विचारत होता. नको, म्हटलं. खड्ड्यात गेला तो पिचर.

मला त्यांचं रडणं हवं होतं. तेही तिच्याकडेच गेलं.