तीन कुलपांचा पासवर्ड

केदारखेड्यात बद्रीनाथ मास्तरांनी शाळेत एक दिवसही शिकवलेलं नाही. ते पोस्टमास्तर. छत्तीस वर्षं त्यांनी गावचं पोस्ट सांभाळलं आणि रिटायर होऊन सात वर्षं झाली तरी गडी अजून पोस्टातच आहे. गप्पा मारताना मूठ अशी आपटतात की समोरच्याला वाटावं आपल्या कपाळावर आता तारखेचा शिक्का उमटतो. पण एक गोष्ट गावानं मान्य करावी अशी आहे. आलेलं टपाल त्यांनी एकदाही रातभर थैलीत राहू दिलं नाही. पूर आला, घरात मयत झाली, तरी ज्याचं पत्र त्याच्या हातात, त्याच दिवशी. हे ते स्वतःच दिवसातून दोनदा सांगतात. कोणी विचारलं नाही तर तीनदा.

तर गावातल्या मोसंबीवाल्यांनी गट काढला, तेव्हा सचिव कोण यावर फार वाद झालाच नाही. ‘आता सगळं टपाल ईमेलनं येनार म्हंते,’ कोणीतरी म्हणालं. टपाल म्हणजे मास्तर. झालं! खरं म्हणजे सचिव व्हायची अण्णासाहेबांना फार हौस होती. अण्णासाहेबांची मोसंबी पाच एकर आणि आवाज पन्नास एकरांचा. त्यांना अध्यक्ष केलं, पण अध्यक्षाला शिक्का नसतो, हे दुःख त्यांच्या पोटात राहिलंच.

कंप्युटर बसवून द्यायला जालन्याहून रजनी मॅडम आल्या. बिचारी गुणाची बाई. तिनं ईमेलचा प्रोग्रॅम टाकला आणि समजावायला घेतलं, “येणाऱ्या मेलचा सर्व्हर वेगळा असतो, जाणाऱ्याचा वेगळा.”

“आवक आनि जावक,” मास्तर म्हणाले. “ते आमाला शिकवू नका.”

“आणि प्रत्येकाचा पोर्ट नंबर असतो. म्हणजे मेल कुठल्या दारानं...”

“खिडकी नंबर! लिहा.”

“नऊशे त्र्याण्णव.”

मास्तरांचा पेन थांबला. “नऊशे त्र्याण्णव खिडक्या? आमच्या हापिसात एकच होती. ती बी लागत नव्हती.”

तासाभरात मेल येऊ लागले, पण जाईनात. मॅडमनं सगळं तपासलं, तर जावकच्या सर्व्हरला पासवर्ड द्यायचाच राहिला होता. त्याला वेगळी ओळख पटवावी लागते. मास्तर खूश झाले. म्हणाले, “बराबर हाय! आवकवाल्यानं वळखलं म्हून जावकवाल्यानं का वळखावं? दोघायचं टेबल वायलं.”

इथपर्यंत सगळं सरळ होतं. वाकडं झालं ते पासवर्डापाशी.

गावच्या मारुतीच्या दानपेटीला तीन कुलपं आहेत. तीन पंच, तीन किल्ल्या. तिघं हजर असल्याशिवाय पेटी उघडत नाही. कोणावर अविश्वास नाही हो, पद्धतच तशी. अण्णासाहेब म्हणाले, “गटाचं टपाल एकटा सचिव वाचनार? मंग दानपेटीला तरी तीन कुलपं कायला पाह्यजेत?” हा टोला बरोब्बर बसला. लगेच ठराव झाला : पासवर्डाचे तीन तुकडे करावेत, तुकडे तिघांनी वाटून घ्यावेत, एकाचा तुकडा दुसऱ्याला कळू नये, आणि यंत्रानं ‘पासवर्ड लक्षात ठेवू का’ असं विचारलं तर त्याला साफ नाही म्हणावं. रजनी मॅडमनं दोन्ही हात जोडले आणि जालन्याची गाडी पकडली.

पहिला तुकडा बायकांच्या वतीनं सगुणाबाईंना दिला. सत्तरीची बाई, ऐंशी झाडांची मालकीण, अक्षरओळख शून्य. जायच्या आधी मॅडमनं त्यांचं बोट धरून चार बटणं दाखवली होती आणि सगुणाबाईंनी रांगोळीचे ठिपके लक्षात ठेवावेत तशी ती ठेवली. दुसरा तुकडा मास्तरांचा, सहा आकडे. मास्तरांनी गावचा पिन कोड घेतला आणि कोणाला सांगितलं नाही. छत्तीस वर्षं जो आकडा हातानं मारला तो कशाला विसरतोय! तिसरा तुकडा अण्णासाहेबांचा.

रोज सकाळी साडेनऊला तिघं जमत. एक जण टेबलाशी बसे, बाकीचे दोघं भिंतीकडं तोंड करून उभे राहत. भिंतीवर राजूरच्या गणपतीची मोठी तसबीर होती, नवीकोरी काच घातलेली, वरून जराशी पुढं झुकलेली, जशी आपल्याकडं टांगतात तशी. पाच मिनिटं गणपतीचं दर्शन, मग पुढचा. आवकसाठी एकदा, जावकसाठी पुन्हा एकदा. सहा वेळा उठबस झाली की मेल उघडे, आणि त्यात बहुतेकदा कुठल्या तरी कंपनीचा दिवाळीचा, नाही तर पाडव्याचा शुभेच्छासंदेश असे. मास्तर तो छापून काढत, त्याला आवक नंबर देत, शिक्का मारत आणि फायलीला लावत.

तिसऱ्या महिन्यात भांडण झालं. कारण ऐकाल तर हसाल. अण्णासाहेबांचा तुकडा शेवटचा, म्हणून त्यांनी तो टाकला आणि वर एंटर पण दाबलं. मास्तर गर्रकन वळले. “एंटर कोन दाबलं?”

“म्या दाबलं. माझ्याच हाताशी व्हतं.”

“एंटर सचिवाचा मान हाय!”

“एंटरला कसला आला मान?”

“टपालाची थैली फोडायचा मान पोस्टमास्तरचा असतो, शिपायाचा न्हाई!”

शिपाई म्हटलं! अध्यक्षाला! त्या दिवसापासून दोघांचा अबोला. एंटर मास्तरांकडंच राहिलं. पण आठ महिने दोघं रोज खांद्याला खांदा लावून भिंतीकडं तोंड करून उभे राहत आणि एक शब्द बोलत नसत. “अध्यक्षांना म्हनावं, सरका,” असं मास्तर सगुणाबाईंना सांगत आणि अध्यक्ष सरकत.

आणि मग एका सोमवारी यंत्र म्हणालं, पासवर्ड चुकला.

पुन्हा टाकला, पुन्हा चुकला. रजनी मॅडमना फोन लावला. त्यांनी कॅप्स लॉकचा दिवा बघायला सांगितला. तो बंद होता. तारा काढून पुन्हा लावल्या. कीबोर्ड उलटा करून झटकला, त्यातून शेंगदाण्याची सालं पडली, ती कोणाची यावर अर्धा तास गेला. शेवटी मॅडम म्हणाल्या, “काका, तिघांपैकी एकाचं चुकतंय. आपापला तुकडा बोलून दाखवा, लगेच कळेल.”

मास्तरांनी ठरावाची फाईल काढून टेबलावर ठेवली.

“ते ठरावात बसत न्हाई,” मास्तर म्हणाले.

“मग पासवर्ड नवा घ्या. तुम्ही जो फोन नंबर दिलाय, त्यावर एक कोड येईल.”

तो नंबर मास्तरांनी दिला होता. हापिसाच्या कामाला हापिसाचाच नंबर पाहिजे म्हणून त्यांनी जुन्या पोस्टाचा लँडलाइन दिला होता. तिथं आता फोन नाही, फोनची खुंटी आहे. तिच्यावर कोणीतरी पिशवी अडकवतं.

सोमवार गेला. मंगळवारी चार वेळा चुकल्यावर यंत्रच कंटाळलं आणि ‘थोड्या वेळानं प्रयत्न करा’ म्हणून गप्प बसलं. मास्तरांची खात्री होती, अण्णासाहेब मुद्दाम चुकीचं टाकतोय. एंटरचा वचपा, दुसरं काय? घरी जाऊन बायकोला म्हणाले, “मानूस इतक्या खालच्या थराला जाईन वाटलं नव्हतं.” सगुणाबाईंवर त्यांना शंकाच आली नाही, आणि स्वतःवर यायचा तर प्रश्नच नव्हता.

बुधवारी दुपारी यंत्राशी पुन्हा झटापट चालली असताना सगुणाबाईंची नात तृप्ती धापा टाकत आली. तिनं जालन्याच्या एका बियाणं तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीचा अर्ज केला होता.

“मास्तरआबा, माझं पत्र आलं का हो? माझ्या राजूरच्या मैतरनीला सोमवारीच आलं. उद्याच मुलाखत हाय म्हंते. पत्र छापून नेलं न्हाई तर गेटातून आत घेत न्हाईत.”

“तुझ्या मोबाइलवर बघ की.”

“माझा ईमेल कुठं दिलता? तुमीच म्हन्ले, मोबाइल हरवतो, गटाचा पत्ता दे, मी बसलोय ना. त्यायला फोन केला तर म्हन्तेत, मेल बघा.”

मास्तरांनी यंत्राकडं पाहिलं. म्हणजे पोरीचं पत्र त्या डब्यात पडून होतं. सोमवारपासून! दोन रात्री! छत्तीस वर्षांत जे झालं नाही ते रिटायर झाल्यावर झालं, आणि तेही पत्ता आपणच सांगितलेला. त्यांनी सगुणाबाईंकडं पाहिलं आणि आठ महिन्यांचा राग एकदम उसळला.

“अध्यक्षांना म्हनावं, पोरीच्या पोटावर पाय देऊ नका! माझ्याशी काय वैर असंन ते माझ्याशी ठेवा!”

अण्णासाहेबांनी तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं.

सगुणाबाई पदर खोचून उठल्या. म्हणाल्या, “मास्तर, अध्यक्षाला बोलू नका. माझंच चुकून राह्यलं व्हतं. वयच झालं. आता आठवलं. तुमी दोघं भितीकडं तोंड करा, म्या टाकते.”

“तुमचा तुकडा टाकल्यावर आमी येऊ ना?” मास्तरांनी विचारलं.

“तोंड करा म्हन्ले ना!”

दोघं वळले. मास्तर गणपतीपुढं उभे राहिले आणि जन्मात पहिल्यांदा त्यांनी गणपतीऐवजी काचेकडं पाहिलं. काचेत टेबल होतं, टेबलावर कीबोर्ड होता, आणि कीबोर्डावर सगुणाबाईंचं बोट. चार बटणं झाली. बोट थांबलं नाही. वरच्या ओळीत गेलं. एक, दोन, तीन, चार आकडे, सगळे मास्तरांचे. काचेत सगळं उलटं दिसतं. पण बाईमाणसाला त्याचं काय, तिनं जन्मभर वेणी आरशातच घातलेली. पाचवा आकडा आला आणि मास्तर दचकले. हा नाही, हा तर सहावा! मग सहाव्याच्या जागी पाचवा. मग अण्णासाहेबांचा अख्खा तुकडा, न अडखळता.

मग सगुणाबाईंनी हात वर उचलला. “मास्तर, एंटर तुमचं हाय.”

मास्तर टेबलाशी आले. पडद्यावर सगळे काळे ठिपके होते आणि त्यांच्याखाली तो नेहमीचा छोटा चौकोन : पासवर्ड लक्षात ठेवायचा का? अकरा महिने त्यांनी त्याला रोज नाही म्हटलं होतं. त्यांनी चौकोनात खूण केली आणि एंटर दाबलं.

“ठरावाच्या विरुद्ध हाय हे,” अण्णासाहेब म्हणाले. आठ महिन्यांतले पहिले शब्द, तेही हळू आवाजात.

“असू द्या. कुनाच्या तरी ध्यानात राहायला पाह्यजे.”

मेल धबाधबा आले. सतरा आले, आणि तृप्तीचं पत्र त्यात होतं : गुरुवार, सकाळी अकरा. पोरीनं आज्जीला मिठीच मारली. मास्तरांनी पत्र छापायला लावलं आणि रजिस्टर ओढलं. टपालाला उशीर झाला की कारण आणि दोष कुणाचा ते लिहायचं, ही त्यांची पोस्टातली शिस्त. सगुणाबाई पटकन म्हणाल्या, “माझं नाव लिवा.” मास्तरांनी लिहिलं, ‘पासवर्ड चुकला. दोष सचिवाचा.’ आणि मोठ्यानं वाचून दाखवलं.

मग बाईंकडं न बघता विचारलं, “कधीपासून दिसून राह्यलं व्हतं?”

“पैल्या दिसापासून. नवी काच हाय ना. सोमवारी म्हन्लं, मास्तर सोताच सुधारतेन. तुमच्यासारख्याला तोंडावर कसं सांगावं?”

अण्णासाहेब खाकरले. “तिथं माझं बी नाव टाका.”

“तुमचं काय चुकलं?”

“म्या बी काचेतच पाहून राह्यल्तो. शेवटचे दोन आकडे तुमचे उलटे पडून राह्यलेत, हे सोमवारीच कळलं मला.”

“आन तीन दिस गप बसले? आताबी गप? एवढं बोललो तुमाला!”

“अबोला व्हता ना आपला,” अण्णासाहेब कळवळून म्हणाले. “सांगायचं कसं?”

मास्तरांना त्या माणसाच्या टाळक्यात रजिस्टर घालावं की गळ्यात पडावं, कळेना. त्यांनी त्याचं नाव लिहिलं. एवढं एक बरोब्बर करता आलं.

कागद छापून निघाला. मास्तरांनी तारीख टाकली आणि मूठ आपटून शिक्का मारला. निळ्या शाईत गटाचं नाव उमटलं, खाली मु. पो. केदारखेडा, आणि त्याच्याखाली पिन कोड. अकरा महिन्यांत या खोलीतून निघालेल्या हरेक कागदावर तो होता, दिवाळीच्या शुभेच्छांवरसुद्धा. मास्तरांनी त्याच्यावर बोट ठेवलं आणि सहाही आकडे एकेक करून वाचले, सगळ्यांसमोर, मोठ्यानं. शेवटच्या दोन आकड्यांवर बोट जरा जास्त थांबलं.

मग त्यांनी रजिस्टर तृप्तीपुढं सरकवलं. “इथं सही कर, बाई. टपाल मिळालं म्हून.”