तिसऱ्यांदा हो म्हणणारी माणसं

एमर उद्या सकाळी नऊ वाजता नोकरीचा राजीनामा देणार आहे, आणि तो दे असं तिला मीच सांगितलंय. काल फोनवर बोलताना अगदी हलक्या मनाने सांगितलं. फोन ठेवला आणि तेव्हापासून हातात घेतलेलं एकही काम धड होत नाही. मघाशी धुतलेले कप पुन्हा धुवायला घेतले. शेवटी म्हटलं, लिहून काढावं.

एमर माझी धाकटी मुलगी. एकोणचाळीस वर्षांची आहे. गेली बारा वर्षं वृद्धाश्रमांची तपासणी करायचं काम करते. सरकारी ओळखपत्र गळ्यात अडकवायचं, न कळवता दारात उभं राहायचं आणि तिथली म्हातारी माणसं नीट जगताहेत का ते बघायचं. आमच्या या पश्चिम आयर्लंडच्या रस्त्यांवरून वर्षभर एकटी गाडी हाकत असते. हिवाळ्यात घाटातल्या रस्त्यावर बर्फाचा पातळ थर असतो, तो दिसतही नाही. ती पोचेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो. बारा वर्षं मी तिच्यामागे एकच धोशा लावलाय: आपल्या गावातल्या वाचनालयात जागा निघते अधूनमधून, तिथे अर्ज कर. ती हसते आणि म्हणते, "आई, वाचनालयात मी पुस्तकांखाली धूळ आहे का ते बघत बसेन."

खोटं नाही ते. माझ्या पुतणीच्या लग्नात ही हॉटेलच्या स्वच्छतागृहात गेली ती वीस मिनिटं आलीच नाही. शेवटी मी बघायला गेले. अपंगांसाठीच्या खोलीत मदतीच्या घंटीची लाल दोरी असते, ती कुणीतरी झाडूला अडते म्हणून गुंडाळून वर बांधून ठेवली होती. ही नव्या रेशमी पोशाखात गुडघ्यांवर बसून ती गाठ सोडवत होती. मी म्हटलं, "अगं, फोटो काढायला सगळे खोळंबलेत." तर म्हणाली, "पडलेल्या माणसाचा हात जमिनीपासून किती वर पोचतो, सांग बरं." मला सांगता आलं नाही. तिला इंचांत माहीत होतं.

ती कधी आश्रमाचं नाव सांगत नाही, तिथल्या रहिवाशांचंही नाही. गेल्या रविवारी जेवायला आली तेव्हाही तिने नाव सांगितलं नाही. पानात नुसती चिवडत बसली होती.

"काय झालंय ते सांग तरी."

"काही नाही. बटाटे छान झालेत."

"बटाट्याला तू हातही लावला नाहीस."

मग बोलली. एका आश्रमात खिडकीजवळ बसणारे एक आजोबा होते. ऐंशी ओलांडलेले, जन्मभर गुरं राखलेले. पाच महिन्यांत त्यांचं वजन आठ किलो उतरलं. अंगात त्राण उरलं नाही, न्हाणीघराकडे जाताना पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. आता इस्पितळात आहेत. डॉक्टर म्हणाले, वय झालं. आश्रमवाले म्हणाले, वय झालं. फक्त आजोबांची मुलगी ऐकेना, तिने तक्रार केली. आणि त्या आश्रमाची तपासणी दोन महिन्यांपूर्वी एमरनेच केली होती.

"नोंदी चोख होत्या, आई. रोज, प्रत्येक वेळी. चहा विचारला, नको म्हणाले. खीर विचारली, नको म्हणाले. साठ पानं वाचली मी. आणि अहवालात काय लिहिलं माहितीये? इथे रहिवाशांच्या इच्छेचा मान राखला जातो. कौतुक केलं मी त्यांचं."

"भूक मेली असेल त्यांची. होतं तसं."

"एकट्यांची नाही. आज सगळे तक्ते पुन्हा काढले. बावीस जणांपैकी चौदा जणांचं वजन उतरलंय. डिसेंबरपासून. जेवण चांगलं आहे, मी स्वतः चाखलंय. मदतनीस प्रेमळ आहेत. मग काय आहे ते मला दिसत का नाही?"

तेवढ्यात मागच्या दाराने मॅलकी आला. शेजारचा, सत्तरी पार केलेला, एकटाच राहतो. अंडी द्यायला आला होता.

"बैस, चहा घे," मी म्हटलं.

"नको नको, आत्ताच पिऊन निघालो."

"अर्धा कप घे."

"कशाला उगाच, मी निघालोच आहे."

"ओतलाय मी."

"आता ओतलाच आहेस तर..." म्हणत टोपी गुडघ्यावर ठेवून तो बसला. दोन कप चहा प्यायला आणि मनुकांच्या ब्रेडचे तीन तुकडे खाऊन म्हणाला, "ब्रेड जरा जास्त भाजलायस."

"तिसरा तुकडा संपवून सांगतोयस."

"पहिल्या तुकड्यावरून कसं कळणार?"

मला हसू आलं. एमर मात्र हसत नव्हती. हातातला काटा तसाच धरून ती मॅलकीकडे बघत होती.

"मॅलकीकाका, तुम्ही खरंच चहा पिऊन आला होतात?"

"छे गं. सकाळपासून घोटभर नाही."

"मग नको का म्हणालात?"

विजार का घातलीस असं विचारावं तसा तो तिच्याकडे बघत राहिला. "पहिल्यांदा विचारल्याबरोबर हो म्हणायला मी काय हावरट आहे?"

एमर हळूच उठली आणि सिंकपाशी जाऊन पाठमोरी उभी राहिली. मॅलकी गेल्यावर म्हणाली, "आई, ते आजोबा पाच महिने नको म्हणत होते. दर वेळी एकदाच. दुसऱ्यांदा त्यांना कुणी विचारलंच नाही."

चाळीस वर्षं मी या टेबलावर चहा ओततेय. समोरच्याने दोनदा नको म्हणायचं, मी तिसऱ्यांदा आग्रह करायचा, मग त्याने घ्यायचा. आमच्याकडे दुसरी रीतच नाही. हे मी कुणाला शिकवलं नाही, मला कुणी शिकवलं नाही. माझ्याच स्वयंपाकघरात, माझ्याच किटलीतून बाहेर पडलेली गोष्ट, आणि तिच्यात पाच महिन्यांची तहान दिसली ती फक्त हिला.

पुढचं तिने काल फोनवर सांगितलं. सोमवारी ती न कळवता त्या आश्रमात गेली आणि जेवणघराच्या कोपऱ्यात दीड तास नुसती बसली. कुणाशी बोलली नाही. दहाचा चहा आला. केरळहून आलेली जिन्सी नावाची मदतनीस मुलगी प्रत्येकापाशी वाकून गोड आवाजात विचारत होती, चहा घेणार का. लोक हसून नको म्हणत होते. ती हसून पुढे जात होती आणि कागदावर लिहीत होती. वर्षानुवर्षं तिथे काम केलेल्या गावातल्या तीन बायका डिसेंबरात निवृत्त झाल्या होत्या. त्या काही विचारत बसत नसत, गप्प बसा आणि प्या म्हणत. नव्या मुलींना मात्र प्रशिक्षणात घोकून घेतलेलं, नको म्हणजे नको, बळजबरी करायची नाही. नियम चांगलाच आहे. तो पाळला जातो का, हे बघायचं काम एमरचंच.

एमरने जिन्सीला बाजूला घेऊन सगळं सांगितलं तेव्हा ती पोरगी रडायलाच लागली. म्हणाली, "मॅडम, आमच्या घरीही आजी पहिल्यांदा नकोच म्हणते. मला वाटलं, इथली माणसं सरळ बोलतात."

एमर तिला म्हणाली, "आता न विचारता ओत. कप हाताशी ठेव आणि दोन मिनिटं शेजारी बैस. बोल काहीतरी."

मग म्हणे जिन्सीने सगळ्यांपुढे चहा ओतून ठेवला. भिंतीकडच्या एका आजीबाई पुटपुटल्या, "ओतलाच आहे म्हणजे वाया घालवायला नको." त्यांनी कप उचलला. मग शेजारच्यांनी. एमर म्हणाली, "आई, बश्यांवर कप ठेवल्याचे आवाज यायला लागले. एक, मग दुसरा, मग सगळीकडून. दुसऱ्यांदा ओतायला किटली पुरली नाही." एका बाईंनी मात्र कप उलटा करून ठेवला. त्यांचं नको खरंच नको होतं. त्यांना तसंच राहू दे, हेही एमरने जिन्सीला दाखवून दिलं.

हे सगळं ती यादी वाचावी तशा आवाजात सांगत होती. शेवटी म्हणाली, "मी लायक नाही या कामाला. उद्या पत्र लिहिते, गुरुवारी नऊला साहेबांच्या हातात देते. त्या माणसाचं हाड माझ्या अहवालाने मोडलंय."

मी म्हटलं, "बरं होईल. सोड ती नोकरी. घरी ये."

बारा वर्षांत पहिल्यांदा ती माझं ऐकत होती, आणि मी खूश झाले. तिची गाडी आता रात्रीबेरात्री त्या घाटात नसेल एवढंच माझ्या मनात आलं. फोन ठेवता ठेवता तिने आणखी एक सांगितलं होतं, ते तेव्हा माझ्या कानांवरून गेलं. मंगळवारी, म्हणजे कालच, दिवसभर बसून तिने आधी तपासलेल्या सात आश्रमांना फोन केले होते आणि सगळ्यांची वजनं घ्यायला लावली होती. आणखी दोन ठिकाणी हेच निघालं. त्या सात आश्रमांबद्दल कुणाची तक्रार नव्हती, कुणाचा हुकूम नव्हता. आपण चुकलो म्हणून माणूस हातपाय गाळून बसतो. हिने आपली चूक कंदिलासारखी हातात धरली आणि बाकीच्या आश्रमांतही उजेड पाडून बघितलं.

माझ्या पोटची पोर. शाळेत बाईंना उलट प्रश्न विचारते म्हणून मी हिला रागावत असे. हे डोळे तिला कुठून मिळाले, मला कळत नाही. माझ्याकडून नक्कीच नाही.

ती गेली तर त्या जागेवर दुसरं कुणीतरी येईल. हुशारच असेल. साठ पानं वाचेल, चोख आहेत म्हणेल. मी आता अडुसष्ट वर्षांची आहे. उद्या मीही कुठल्यातरी खिडकीशी बसलेली असेन. कुणी चहा विचारला तर मी नकोच म्हणेन, एवढं मी स्वतःला ओळखते.

घाटाची भीती गेलेली नाही. जाणारही नाही. पण मी तिला सोड म्हटलं ते तिच्यासाठी नव्हतं, माझ्या झोपेसाठी होतं, आणि ती झोप काही आलेली नाही. एमर सव्वासातला घरातून निघते. सातला, तिने गाडीची किल्ली हातात घ्यायच्या आत, मी तिला फोन करणार आहे. माझं कालचं बोलणं मी मागे घेते असं सांगणार आहे, आणि ते पत्र देऊ नकोस म्हणणार आहे.