साडेचारशे घोडे आन् चार टायर

टायरच्या दुकानात किश्शांचा नुसता ढीग लागतो. जुने टायर निदान भंगारवाला घेऊन जातो, किस्से कोण नेणार? वरवंडला हायवेलगत दुकान टाकून मला पंधरा वर्षं झाली. ट्रकचे किस्से आहेत, टेम्पोचे आहेत. पण गावातल्या रोहितने मुंबईहून सेकंड हँड जर्मन गाडी आणली आणि त्या एका गाडीने बाकी सगळ्यांना मागे टाकलं. साडेचारशे हॉर्सपॉवर! आमच्याकडे पंचेचाळीसचा ट्रॅक्टर दारात असला तरी माणूस मिशीला पीळ देतो.

*

पहिले टायर बसवून दिले आणि दीड महिन्यात रोहित परत हजर. मागचे दोन्ही तुळतुळीत! एकाची आतली तार दिसत होती.

"किती चालली गाडी?"

"अकराशे किलोमीटर."

"अरे, गाडी चालवतोस का किसणीवर घासतोस?"

"मामा, पोरं म्हणत्यात टायरचा धूर काढ. मग काढावा लागतो!"

वर मलाच विचारतो, "वॉरंटीत बसंल का?"

*

मग त्याला रेसचे टायर हवे झाले. मऊ रबर, नक्षी नावालाच. कोरड्या रस्त्याला घट्ट चिकटतात, पण पाणी बाहेर काढायला खाचाच नाहीत. मी म्हणालो, "हे रोजच्या रस्त्याचं काम नाही. ओल्यात घसरशील."

"मामा, मी पावसात गाडी काढतच न्हाई!"

हट्टच धरून बसला. मी बसवून दिले, ही माझीही चूक.

आठ दिवसांनी कासुर्डीजवळ उसाच्या ट्रॉल्यांनी चिखल सांडलेला, त्यावर अवकाळीचा शिडकावा. ह्याने पाय दाबला आणि गाडी जागच्या जागी गरकन फिरली. पुण्याकडचं तोंड वरवंडकडे! समोरून ट्रक येत होता. कसा वाचला कुणास ठाऊक. हा मात्र दात काढत सांगतो,

"गाडीनं स्वतःच यू-टर्न घेतला, मामा. म्हणलं चला, दुकानावरच जाऊ!"

*

त्या दिवसापासून त्याच्या बायकोने, सुजाताने, गाडीत बसणं सोडलं. पहिलटकरीण, सातवा महिना. बाळंतपणाला माहेरी, कवठे येमाईला जायचं होतं आणि रोहितला तिला याच गाडीतून मिरवत न्यायचं होतं. "आधी टायरचं बघा, मग बसंन," एवढंच ती म्हणाली.

ते ऐकून रोहितच्या वडिलांनी, आबांनी, सूत्रं हाती घेतली. चार दिवसांनी आबा स्वतः गाडी घेऊन आले. गाडी अशी थडथडत होती की वाटावं, आरसे गळून पडतायत.

"बॅलन्सिंग करून द्या," म्हणाले.

मी मागच्या चाकाचा व्हॉल्व्ह काढला आणि फस्सकन पाण्याची चिळकांडी तोंडावर!

"आबा, हे काय?"

"चिखलात ट्रॅक्टर घसरतो तवा चाकात पाणीच भरतो का न्हाई आपण? वजन आलं की पकड येती!"

तोंडावरून पाणी निथळत होतं, पुसायचंही सुचेना. आबांना वाटलं, मला पाण्याचीच शंका आहे.

"बोअरचं न्हाई वो, फिल्टरचं भरलंय!"

*

शेवटी बापलेकांनी ऐकलं माझं. खोल खाचांचे, गाडीचा वेग आणि वजन पेलणारे, रोजच्या रस्त्याचे चार टायर मागवले. पास करायला सुजाता आली. लग्नाआधी ती रांजणगावला एका कंपनीत क्वालिटीला, माल तपासायला होती, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं! मोबाईलची बॅटरी लावून तिने प्रत्येक टायरवरचे चार आकडे वाचले. कुठल्या आठवड्यात, कुठल्या साली बनला, ते त्यात असतं.

"मामा, तीन ह्या वर्षीचे हायत. चौथा तीन वर्षं जुना. बदला."

एवढ्या वर्षांत दुकानात मला पहिल्यांदा घाम फुटला. गुपचूप बदलला.

रोहितने ऐटीत दार उघडलं. "चल, बस!"

"टायर पास," सुजाता म्हणाली. "ड्रायव्हर नापास."

आणि न्यायला आलेल्या भावाच्या जुन्या जीपमध्ये बसून माहेरी निघून गेली! रोहित उघडं दार धरून तसाच उभा. तेव्हा मात्र मला त्याची खरंच कीव आली.

*

एप्रिलमधली गोष्ट. भर दुपारी दुकानासमोरच्या सर्व्हिस रोडवर हॉर्नचा एकच गोंधळ. मला वाटलं, झाला अपघात. धावत बाहेर आलो.

सगळ्यात पुढे तीच जर्मन गाडी. वेग फार तर वीसचा! मागे दोन टेम्पो, एक पाण्याचा टँकर आणि कांद्याने भरलेला ट्रॅक्टर. गाडी रोहितच चालवत होता, दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून. मागच्या सीटवर सुजाता, मांडीवर दुपट्यात गुंडाळलेलं बाळ. मला खरंच विश्वास बसेना.

दुकानापाशी रस्ता जरा रुंद होतो. तिथे ट्रॅक्टरवाल्याने संधी साधली आणि साडेचारशे घोड्यांना ओव्हरटेक केलं! जाता जाता वाकून ओरडला,

"ओ शेठ, गाडीत दम न्हाई व्हय?"

मी मनात म्हटलं, आता भडका उडणार. रोहितने काच खाली केली, ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला की! पोरगी झोपलीया."