चौकटीवरची मुलं

बहरीनमध्ये माझ्या रूम पार्टनरइतक्या भरल्या घरात राहणारा माणूस मी पाहिला नाही; आणि त्या घरात आम्ही दोघंच राहत होतो. नव्वदीच्या सुरुवातीची ही गोष्ट. ते अकोल्याकडचे, एसी दुरुस्त करणारे. मी पुण्याचा, एका ऑफिसात कारकून. मनामाच्या एका जुन्या गल्लीत आमच्या दोन खोल्या होत्या. वयाने मोठे म्हणून मी त्यांना भाऊ म्हणे. ते मला ‘पुणेकर’ म्हणत, आणि त्या एका शब्दात माझे सगळे दोष येऊन जात.

आमच्या स्वयंपाकघराच्या दाराची चौकट लाकडी होती. तिच्यावर आधी राहून गेलेल्या कुटुंबांमधल्या मुलांच्या उंचीच्या खुणा होत्या. सगळ्यात जुन्या चाकूने कोरलेल्या, इराणी लिपीतल्या. घरमालक सांगे, ती रोटी भाजणाऱ्याची मुलं. मग कुणा बलुची मुलांच्या, मग मल्याळी अक्षरांतल्या, आणि शाईच्या पेनाने लिहिलेली एक फिलिपिनो ‘बेबी’. घराला तीनदा रंग दिला गेला, पण रंगारी दर वेळी चौकट सोडून गेला. का, ते कुणी विचारलं नाही. या देशाचा इतिहास ऐकायचा असेल तर लोकांनी आमच्याकडे चहाला यावं, असं भाऊंचं ठाम मत होतं. “नवा आला म्हणून जुना जात नाही, पुणेकर,” ते म्हणत. “थोडा सरकून बसते, एवढंच.”

हे ते नुसतं बोलत नसत, पाळत. त्या दारातून जाताना अंग चोरून, आडवे होऊन जात, कुणाला धक्का लागू नये म्हणून. कामावरून आले की चौकटीकडे बघून जय भीम करत. इराण्यापासून बेबीपर्यंत सगळ्यांना एकच. ओट्यावर खजुराची बशी ठेवत. ती संध्याकाळपर्यंत रिकामी झाली की मुलं खाऊन गेली म्हणून खूश होत. ते खजूर मी खात असे, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. पण ज्या दिवशी मी खाल्ले नव्हते, त्या दिवशीही बशी रिकामी होती, हेही सांगितलं नाही. उन्हाळ्यात दुपारी एक ते चार गल्लीत चिटपाखरू नसे. अशा वेळी वीज जाऊन एसी थांबला की आतून अनवाणी पावलं घासल्यासारखा आवाज येई. हळूहळू मीही आडवा होऊन जायला लागलो.

भाऊंची एकुलती एक लेक गावी होती. फॅमिली व्हिसा मिळण्याइतका त्यांचा पगार कधीच झाला नाही. म्हणून दर जूनमध्ये शाळा सुरू होताना वहिनी तिला भिंतीशी उभी करत, तिच्या उंचीएवढा दोरा कापत आणि पत्रातून पाठवत. भाऊ आंघोळ करून, टोक जमिनीला टेकवून, दोरा चौकटीवर ताणत आणि पेन्सिलने खूण करत. लेक वर्षानुवर्षं वाढली ती अशी आमच्या घरात.

एका वर्षी दोरा आला नाही. जून गेला, जुलै गेला. गावातल्या पोस्टातला फोन बंद होता. भाऊंनी जेवण टाकलं. रजेचा अर्ज केला, तर साहेब म्हणाले, उन्हाळ्यात एसीवाल्याला रजा मफी, म्हणजे नाहीच. लेकीला काही झालं असेल, हे ते तोंडाने म्हणत नव्हते; पण त्यांनी चौकटीकडे बघणं सोडलं होतं.

ऑगस्टमधल्या एका दुपारी मी पाणी प्यायला गेलो, तर लेकीच्या मागच्या वर्षीच्या खुणेच्या चांगली चार बोटं वर नवी रेघ होती. भाऊंना वाटलं मी ओढली, मला वाटलं त्यांनी. आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहिलं आणि दोघांनाही कळलं.

दहा दिवसांनी पत्र आलं. पोरीला विषमज्वर झाला होता, महिनाभर दवाखान्यात होती, आता बरी होती. तापात पोरं वाढतात म्हणतात. वहिनींनी दोरा तिला पलंगावर निजवूनच मोजला होता. भाऊंनी तो चौकटीवर ताणला. तो बरोबर त्या रेघेवर संपला. मग त्यांनी पत्राचा शेवट वाचायला माझ्याकडे दिला, कारण त्यांना अक्षरं दिसत नव्हती. वहिनींनी लिहिलं होतं: तापात एकच बडबड करायची, बाबाच्या घरची पोरं मला उभी करून मोजून राहिली म्हणे.

वहिनी घाबरतील म्हणून त्या मुलांबद्दल भाऊंनी घरी कधी एक ओळ लिहिली नव्हती.

ते दाराशीच खाली बसले, बराच वेळ रडले. मग म्हणाले, “म्हणजे माही पोरगी एकटी नव्हती.”

पुढे भाऊ कायमचे अकोल्याला गेले. लेकीला बहरीन दाखवायचं राहिलं, याची हळहळ त्यांनी त्यानंतर कधी केली नाही. ती मीच करतो. एकदा तरी त्यांना स्वतःच्या हाताने तिला त्या दारात उभं करता यायला हवं होतं.