कोपरीच्या देव्हाऱ्यातली काच

माझ्या बायकोला माझे सगळे गुन्हे पाठ आहेत. मी तपकिरीची डबी कुठे लपवतो, कचेरीतून दुपारी कुठे पसार होतो, नाटकाला जाताना कुणाच्या आजारपणाचं निमित्त काढतो — सगळं. हा एक मात्र तिच्याही कानावर गेलेला नाही. सोळा वर्षं झाली. मी बोलघेवडा माणूस. ठाण्यात, नौपाड्यातल्या माझ्या ओट्यावर संध्याकाळी चार डोकी जमतात ती माझ्या थापा ऐकायलाच. पण ही गोष्ट ओठांवर आली की मी दुसरीच कुठली तरी सुरू करतो. आज तुम्ही एकटेच समोर आहात. बसा.

सुरुवात कॅमेऱ्यापासून करतो. मी मुद्द्याला उशीर लावतोय हे तुमच्या लक्षात येईलच — येऊ द्या.

तेव्हा विलायतेहून तयार मसाल्याच्या काचा नुकत्याच येऊ लागल्या होत्या. त्याआधी फोटो काढायचा म्हणजे जागेवरच तंबू ठोकून, काच ओली करून, ती वाळायच्या आत सगळं उरकायचं. आता काचा पेटीत घालून न्याव्यात, सावकाश फोटो घ्यावेत आणि घरी येऊन लाल कंदिलात धुवाव्यात! मी पगाराची शिल्लक घेऊन मुंबईला गेलो. दुकानातल्या पारशी शेटजींनी तीन कॅमेरे मांडले. मोठा होता तो न्यायला एक बैलगाडी, दोन गडी आणि एक श्रीमंत सासरा हवा होता. लहान होता तो खिशात मावेल असा, पण त्यात कल्याणचा दुर्गाडी किल्ला कोंबड्यांच्या खुराड्याएवढा आला असता. मधला बघितला आणि — हसू नका — पहिल्यांदा बायकोला बघायला गेलो होतो तेव्हासुद्धा माझं इतकं पाणी पाणी झालं नव्हतं. काच वीतभराला थोडी कमी. लाकडी पेटी, पितळी कोपरे, चामड्याचा भाता. ओझं एका माणसाला झेपेल एवढं आणि चित्र मात्र भिंतीवर टांगता येईल असं.

भिंगाची फळी वर सरकायची, हे तर मला कितीदा सांगितलं तरी पुरे वाटत नाही. कॅमेरा आकाशाकडे तोंड करून धरला की देवळाचं शिखर मागे कलतं, ताडी प्यायल्यासारखं. म्हणून कॅमेरा सरळ ठेवायचा आणि नुसतं भिंग वर न्यायचं. शिखर ताठ उभं राहतं. मासुंदा तळ्याच्या काठचं देऊळ, कल्याणच्या बंदरावरची कौलं, डोंबिवलीकडची भातखाचरं — मी सगळीकडे ती तीनपायी घोडी खांद्यावर टाकून हिंडलो. काळ्या कापडाखाली डोकं घालायचं आणि आतल्या दुधी काचेवर अख्खं ठाणं उलटं लोंबताना बघायचं. तो आनंद मला अजून कशात मिळालेला नाही.

माणसांचे फोटो मी काढत नसे. माणसं हलतात. देऊळ हलत नाही.

पण माणसं पाठ सोडतात होय? घोडी उभी केली की पंधरा माणसं गोळा. आमचाही काढा, माझ्या बैलाचा काढा. आणि माझ्याजवळ एका वेळी काचा सहाच. यावर कल्याणच्या एका जाणत्या फोटोग्राफराने मला युक्ती शिकवली होती. काच न घालताच भिंगाची टोपी काढायची, तोंडाने आकडे मोजायचे, टोपी लावायची. झालं! लोक खूश होऊन पांगतात, काच शिल्लक राहते. मला ती युक्ती भलतीच आवडली. का नाही आवडणार? नाटकच होतं ते, आणि त्यातला नट मी. डोंबिवलीच्या अख्ख्या गावकीचा मी असा रिकामा फोटो काढला आहे. त्याचं मला काही वाटत नाही — ती माणसं मला पुन्हा भेटली नाहीत.

धर्मा भेटला.

धर्मा कोपरीचा आगरी, मिठागरावर राबणारा. खाडीच्या काठाने मी कॅमेरा घेऊन जायचो तेव्हा बांध कुठे ढासळलाय, भरती केव्हा येणार हे मला त्यानेच शिकवलं. एकदा मी गुडघ्याएवढ्या चिखलात रुतलो, तर त्याने आधी कॅमेरा बाहेर काढला आणि मग मला. "तुमी काय, धुतलं का झालं," म्हणाला. त्याची बायको नामी बंगल्यांवर कोळंबी विकायची. तिची जीभ म्हणजे करवत.

चैत्र संपत आला होता. मिठाच्या राशी उन्हात झगमगत होत्या. मागे रेल्वेचा पूल, पाणी चढायला लागलेलं, आणि लांबून शिडाचा एक मचवा येत होता. या एका चित्रासाठी मी महिनाभर हेलपाटे घातले होते. पाच काचा संपल्या होत्या, उरली होती एक. अजून अर्ध्या तासाने मचवा पुलाच्या पुढ्यात येईल, ऊन तिरपं होईल — आणि तेवढ्यात नामी धर्म्याला दंडाला धरून घेऊन आली.

"रावसाब, याचा फोटू काढा."

मी म्हटलं, दोघांचा काढू की. (बघा, किती उदार!)

"माजा नको. माजं तोंड सगल्या बंगल्यांना पाठ हाय. याचा काढा. एका बंगल्यावरच्या साहेबाची मडम मरून तीन वरसं झाली, तरी भिंतीवर खुर्चीत बसलेली हाय. मी कोलंबी घेऊन गेले का माज्याकडं बघते. मंजी माणूस जात नाय ना?"

यावर मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. काही तरी विनोद केला असेन.

धर्मा त्या दिवशी तोंड धुऊन, दुसऱ्याचा सदरा मागून आणून आला होता. मी त्याला राशीपुढे उभा केला. कापडाखाली डोकं घातलं. दुधी काचेवर तो उलटा उभा होता, पाय आभाळात आणि मुंडासं मिठात — आणि तरीही इतका रुबाबदार, की क्षणभर माझा हात शेवटच्या काचेच्या पेटीकडे गेला. खरंच गेला. पण मी मचव्याकडे पाहिलं.

काच न घालता टोपी काढली. त्याला बजावलं, अजिबात हलायचं नाही. दोन मोजले असते तरी चाललं असतं. मी तीसपर्यंत मोजले. कशासाठी? बांधावर बघे जमले होते, मला मजा वाटत होती. धर्म्याच्या कपाळावरून घामाचा थेंब डोळ्यात उतरला, गालावर माशी बसली. त्याची पापणी लवली नाही. मी हे इतकं नक्की सांगू शकतो, कारण बघण्यावाचून मला दुसरं काही काम नव्हतं.

मग मी त्याला म्हटलं, आता बाजूला हो, मला पुलाचा घ्यायचाय. भिंगावर तिरपं ऊन येत होतं, तर त्यानेच माझी छत्री उघडली आणि मी सांगेन तशी धरून उभा राहिला. मचवा आला. सहावी काच लागली. ते चित्र पुढे मुंबईला प्रदर्शनात गेलं, एका बड्या साहेबाने मागून घेतलं. तुम्ही माझ्या ओसरीवर त्याची प्रत बघितली असेल. चांगलं आहे ते. खोटं कशाला बोलू, फार चांगलं आहे.

आठवड्याने धर्मा आणि नामी नौपाड्यात माझ्या दारी आली. फोटो न्यायला. मला वाटलं होतं विसरतील; सगळे विसरतात. काच फुटली असं सांगता आलं असतं. मसाला बिघडला म्हणता आलं असतं. मी काय म्हणालो?

"धर्मा, तू हललास रे."

का म्हणालो? तेच सगळ्यात सोपं होतं म्हणून. त्यात माझा दोष शून्य होता. मी हे कारण पूर्वी खऱ्या बिघडलेल्या फोटोंना इतकेदा दिलं होतं, की ते आपोआप बाहेर पडलं. दुसरं कारण मला शोधूनही सापडलेलं नाही.

धर्मा म्हणाला, "नाय हाललो, रावसाब." मग माझ्याकडे बघितलं, मग स्वतःच्या पायांकडे. "माशी बसलेली... तवा हाललो असन."

नामीने कपाळावर हात मारला. "एक काम सांगितलं याला, उभं रावाचं! तेवरं पन जमलं नाय!" मी हसलो. धर्माही हसला, खाली बघून. मी म्हटलं, पुन्हा काढू, सवडीने. पुढे कोपरीत त्याला 'हाललेला' म्हणून चिडवत. मी ते ऐकलं आहे.

सवड — दोन वर्षांत मी बत्तीस काचा नुसत्या कल्याणच्या खाडीवर घातल्या. दुसऱ्या पावसाळ्याच्या शेवटी धर्मा तापाने गेला.

बाराव्यानंतर नामी एकटी आली. ओट्याखाली उभी राहिली, वर बसेना. करवत कुठे गेली होती कोण जाणे. म्हणाली, "ती हाललेली काच हाय का? हाललेला तर हाललेला. तोच देवा मला."

आता तुम्ही म्हणाल, तेव्हा तरी सांगायचं. हो. तेव्हा तरी. तिच्या पायांशी बसून सांगायचं, की बाई, काचच नव्हती. मी आत गेलो तो हेच ठरवून गेलो, असं मला वाटतं — की तसं मला आता वाटतं? आतल्या खोलीत बिघडलेल्या काचांची एक पेटी होती. तिच्यात कल्याणच्या काळ्या तलावाची एक काच होती. त्या दिवशी मी टोपी काढली आणि एक म्हैस चौकटीत शिरायला निघाली. तिला हाकलायला मी हात हलवत पुढे धावलो आणि टोपी उघडीच आहे हे विसरलो. म्हैस समजूतदार निघाली, बाहेरच थांबली. काचेवर आलो तो मी. तोंड नाही, डोळे नाहीत — पाण्याच्या काठी एक उभा धुरकट डाग, एक खांदा जरासा वर.

ती काच मी फडक्याने पुसली आणि नामीच्या हातात दिली.

तिने ती उन्हाकडे धरली. काचेवर सगळं उलट असतं, पांढरं ते काळं दिसतं. माझं पांढरं धोतर आणि कोट म्हणजे एक काळी सावली होती. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "हा खांदा. मिठाची पाटी उचलून वर गेलेला." आणि मला वाकून नमस्कार केला.

माझ्या बायकोने आतून हे बघितलं. रात्री जेवताना म्हणाली, "तुम्ही कधी कधी फार चांगलं वागता हो." मी आमटी वाढून घेतली.

ती काच गेली चौदा वर्षं कोपरीत नामीच्या देव्हाऱ्यात आहे. तिला रोज फूल वाहिलं जातं. दर पितृपक्षात तिच्यापुढे भाताचं पान ठेवतात. मी त्या घरी जातो. ती माणसं मला लेकरासारखं जपतात, निवडक कोळंबी बाजूला काढून ठेवतात, आणि मी ती आवडीने खातो.

गेल्या माघात नामीच्या मुलाचं लग्न झालं. वरात घरी आल्यावर नामीने मला हाताला धरून देव्हाऱ्यापुढे नेलं. "तुमी काचेत आनलेत त्यांना," म्हणाली, "पयलं कुंकू तुमीच लावा." मी लावलं. डागाच्या वरच्या टोकाला, नेमकं मधोमध. मी नट आहे. नवी सून पदर सावरत पुढे झाली, काचेतल्या सासऱ्याकडे तिने निरखून बघितलं आणि हळूच विचारलं, "आत्या, मामा असं पुसल्यावानी का दिसतात?"

नामी खळखळून हसली. कैक वर्षांनी तिची जीभ पूर्वीसारखी चालली. "अगं, हाललेला ना तो! एक काम सांगितलं, उभं रावाचं! तेवरं पन जमलं नाय मेल्याला!" सगळं घर हसलं. पदराने डोळे पुसत तीही हसत राहिली, त्याच्यावर रागावल्यासारखी, जणू तो बाहेर अंगणातच उभा होता.

मीही हसलो.

धर्मा हलला नव्हता. मी तीसपर्यंत मोजले आणि तीसच्या तीस आकडे तो उभा होता.